उजेडाची जकात

दुर्बीण उभी राहिली की पाच मिनिटांत कुणीतरी विचारतंच, "ह्यातून किती लांबचं दिसतं हो?"

पुण्याहून माणसं गोळा करून जुन्नरच्या बाजूला आकाश बघायला न्यायचं, हा माझा बऱ्याच वर्षांचा उद्योग. इतक्या रात्रींत हा प्रश्न एकदाही चुकलेला नाही. पूर्वी मी हौसेनं अंतरं सांगायचो आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर काहीच हलायचं नाही. आता दुर्बिणीचं झाकणसुद्धा न काढता वर बोट दाखवतो. "तो पुसट ठिपका दिसतोय? चष्मा पुसून बघा. ती देवयानीतली दीर्घिका. पंचवीस लाख प्रकाशवर्षं लांब. तुमच्या डोळ्यांना दुर्बिणीशिवाय एवढं लांबचं दिसतं."

लांबचं बघायला दुर्बीण लागत नाही, हे पटायला जरा वेळ लागतो. अंतर आकड्यात मांडायला गेलं तर भाषाच अपुरी पडते. एक प्रकाशवर्ष म्हणजे सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (११५०) दशमानाची नावं एकापासून चढत चढत परार्धापर्यंत जातात, म्हणजे एकावर सतरा शून्यं, आणि तिथं यादी संपते. त्या यादीप्रमाणे प्रकाशवर्ष होतं साडेनऊ महापद्म किलोमीटर. देवयानी दीर्घिका मात्र सुमारे २३६ परार्ध किलोमीटरवर आहे. शेवटच्या नावाच्याही पलीकडे, आणि तरीही नुसत्या डोळ्यांच्या टप्प्यात.

२०२५ च्या नोव्हेंबरातली सहल आठवते. तारीख २२, शनिवार. अमावास्या नुकतीच होऊन गेलेली, चंद्राची कोर दिवेलागणीलाच बुडणार. आम्ही ४२ जण. दुपारी सगळ्यांना आधी नाणेघाटात नेलं, कारण आकड्यांची सुरुवात तिथून करावी असं मला वाटतं. घाटाच्या तोंडाशी गुहेत सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लेख आहे, दोन हजार वर्षांहून जुना. त्यात यज्ञांच्या दक्षिणेचा हिशोब कोरलाय: गाई, घोडे, कार्षापण. आणि हिशोब आकड्यांत आहे. दहाची खूण वेगळी, शंभराची वेगळी, हजाराची वेगळी. चार हजार लिहायचे तर हजाराच्या खुणेला चाराची खूण जोडायची. शून्य नाही. हजारांच्या घरातल्या रकमा त्या कारकुनानं या पद्धतीनं बिनबोभाट मांडल्या आहेत. पण त्याला कुणी '२३६ परार्ध लिही' म्हटलं असतं, तर बिचाऱ्याला दर पायरीला नवी खूण शोधावी लागली असती आणि भिंत पुरली नसती.

घाटमाथ्यावर दगडात कोरलेला एक मोठा रांजण आहे. कोकणातून चढून येणाऱ्या तांड्यांची जकात त्यात टाकत, असं सांगतात. मला त्या रांजणाचं फार कौतुक. कारण दुर्बीण म्हणजे अगदी हाच प्रकार. ती लांब जाऊन काही आणत नाही. ती वाटेत बसते आणि पुढ्यात येणाऱ्या उजेडाची जकात गोळा करते. रांजणाचं तोंड जेवढं मोठं, तेवढी वसुली. विचारायचं तर 'किती लांबचं' असं विचारूच नये. 'किती पडतं' हे विचारावं.

आपला डोळा हे सगळ्यात लहान तोंडाचं भांडं. पूर्ण अंधारात तरुण माणसाची बाहुली फार तर ७ मिलिमीटर उघडते. नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसतो असा सहाव्या प्रतीचा तारा घेतला, तर त्याच्या दृश्य प्रकाशाचे सेकंदाला हजार-तेराशे कण त्या बाहुलीत शिरतात. ऐकायला बरेच वाटतात, पण हा आकडा कडेलोटाचा आहे. याहून थोडे कमी झाले की तारा गायब. स्वच्छ अंधाऱ्या जागेवरून सगळं आकाश मिळून नुसत्या डोळ्यांना दिसू शकणारे तारे नऊ हजारांच्या आसपास आहेत, आणि एका वेळी क्षितिजावर त्यातले निम्मेच. ज्याला आपण 'अगणित' म्हणतो, ते एका मध्यम गावाच्या मतदारयादीत बसेल.

आमची दुर्बीण सहा इंची, म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास १५० मिलिमीटर. भिंगाच्या दुर्बिणींत ही हौशी लोकांपुरती मोठीच म्हणायची. नळी माणसाच्या खांद्याला लागेल एवढी लांब, डिक्कीत तिरकी घातली तरी एक सीट पाडावी लागते. आरशाची दुर्बीण घेतली असती तर याच पैशांत दुप्पट व्यास मिळाला असता, हे मला दर सहलीत कुणीतरी ऐकवतं. पण जुन्नर ते घाटघर हा रस्ता आरशाच्या दुर्बिणीनं करून बघावा. पोचल्यावर अर्धा तास आरसे सरळ करण्यात जातो. भिंग आपल्या खोबणीत घट्ट बसलेलं असतं. खड्डा आला, गेला, भिंगाला पत्ता नाही. शिवाय ४२ माणसं आलटून पालटून डोळा लावणार, त्यातली पाच नळीला धरूनच उभी राहणार. भिंगाची दुर्बीण हा सासुरवास सोसते.

१५० ला ७ नं भागा आणि वर्ग करा: सुमारे ४५९. आपल्या बाहुलीसारख्या ४५९ बाहुल्या एकत्र केल्या तर आमच्या भिंगाएवढं तोंड होतं. हजार-तेराशे कणांचे झाले सहा लाख. आणि ताऱ्यांचं काय होतं? टायको-२ नावाची एक सूची आहे, तिच्यात सुमारे २५ लाख तारे आहेत. त्यातले जवळजवळ सगळे या नळीच्या आवाक्यात येतात. नऊ हजारांवरून पंचवीस लाखांवर, तेही एका माणसाला उचलता येईल अशा नळीनं. माझ्या मते सगळ्या खगोलशास्त्रात यापेक्षा स्वस्त सौदा नाही.

मग अजून मोठं भिंग का नाही? केलं होतं लोकांनी. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये यर्कीझ वेधशाळेत ४० इंची, म्हणजे १०२ सेंटिमीटरचं भिंग १८९७ साली बसलं. दोन काचा मिळून वजन सुमारे सव्वादोनशे किलो, नळी अठरा-एकोणीस मीटर लांब. वेधासाठी नेमानं वापरलेलं याहून मोठं भिंग आजतागायत झालेलं नाही. कारण साधं आहे. भिंगातून उजेड आरपार जायला हवा, म्हणून त्याला फक्त कडेनं धरता येतं. पोटाखाली हात देता येत नाही, आणि मग काच स्वतःच्याच वजनानं लवते. आरशाला पाठीमागून हवे तेवढे टेकू द्या, त्याची ना नाही. म्हणून विसावं शतक आरशांचं झालं. आमच्या जागेच्या दक्षिणेला, आंबेगाव तालुक्यात गिरवलीच्या डोंगरावर, पुण्याच्या 'आयुका'ची वेधशाळा आहे. २००६ साली ती सुरू झाली. तिचा आरसा २ मीटरचा, यर्कीझच्या भिंगाच्या जवळजवळ दुप्पट रुंद. सहाव्या प्रतीच्या त्याच ताऱ्याची गिरवलीतली वसुली, मधली आडकाठी सोडून दिली तर, सेकंदाला अकरा कोटी कण. आमच्या नळीच्या पावणेदोनशे पट. गिरवली काही सहलीची जागा नव्हे, पण एकाच रात्री एकाच आकाशाखाली डोळा, नळी आणि आरसा अशी तीन भांडी मांडलेली असतात, ही कल्पना मला आवडते.

तर संध्याकाळी आपटाळ्याच्या पुढं एका ओळखीच्या माणसाच्या पडीक रानात नळी चढवली. भाताची खाचरं कापून झालेली, पेंढ्याचा वास. टॉर्चना लाल जिलेटिन कागद लावलेला, आणि लघुशंकेलासुद्धा एकट्यानं जायचं नाही अशी ताकीद, कारण हा बिबट्यांचा तालुका. तेवढ्यात लक्षात आलं, तोलाच्या दोन वजनांपैकी एक घरी पार्किंगमध्येच राहिलंय. पाच किलोचं लोखंड. ते नसेल तर नळी पुढं कलंडते आणि मोटर कण्हायला लागते. एका मुलीनं शांतपणे पाण्याचा पाच लिटरचा कॅन आणून दिला. पाच लिटर पाणी म्हणजे पाच किलो, लहानपणी शाळेत ऐकलेलं. सुतळीनं दांडीला बांधला, तोल जमला. नऊच्या सुमारास शनी अचानक दृष्टीतून सटकायला लागला तेव्हा तपास केला. एका काकांनी त्या कॅनमधलं पाणी प्यायलं होतं. मग दोन ग्लास परत ओतले.

सटकणं म्हणजे काय तेही सांगतो. १२० पट मोठं दाखवणारं नेत्रभिंग लावलं की आकाशाचा चंद्राहूनही लहान तुकडा समोर राहतो. मोटर बंद केली तर शनी त्या तुकड्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत पावणेदोन मिनिटांत जातो. जातो कसला, आपण जातो. जुन्नरच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १,५८० किलोमीटर वेगानं पूर्वेला पळतेय. रांगेतल्या प्रत्येकाला मी एक मिनिट देतो. त्या मिनिटात तो माणूस, दुर्बीण आणि पाण्याचा कॅन असे सगळे २६ किलोमीटर सरकलेले असतात. सूर्याभोवती १,८०० किलोमीटर. आणि सूर्य आपल्याला घेऊन आकाशगंगेभोवती फिरतोय ते धरलं तर एका मिनिटात पृथ्वीच्या व्यासापेक्षा जास्त. रांगेत उभं राहून कंटाळा आला म्हणणाऱ्यांना हा हिशोब ऐकवतो. कंटाळा जात नाही, पण बोलणं थांबतं.

शनीनं मात्र त्या रात्री पोरांची निराशा केली. कडी बघायला आलेली ती. पण २०२५ हे वर्ष कड्यांच्या बाबतीत वाईट. साधारण दर पंधरा वर्षांनी ती आपल्याला बरोब्बर काठावरून दिसतात. मार्चमध्ये एकदा तसं झालं, आणि नोव्हेंबरअखेर पुन्हा ती जेमतेम अर्ध्या अंशानं कललेली होती. "शनीला काडी टोचलीय!" असं एक पोरगा ओरडला, आणि वर्णन इतकं अचूक होतं की पुढचे सगळे काडीच शोधायला लागले.

या काडीत रात्रीतला सर्वांत वेडावणारा आकडा दडलेला आहे. शनीच्या मुख्य कड्यांचा व्यास २ लाख ७० हजार किलोमीटरांहून थोडा जास्त. आणि जाडी? बहुतेक ठिकाणी दहा मीटरच्या आसपास. तीन मजली घराएवढी. गुणोत्तर काढलं तर एकास पावणेतीन कोटी. हे डोक्यात उतरवायला मी जवळचं माप वापरतो. समजा, कडी लहान करत करत इतकी केली की त्यांचा व्यास जुन्नर ते नारायणगाव एवढा होईल, म्हणजे साधारण पंधरा किलोमीटर. मग जाडी उरते ०.५५ मिलिमीटर. पंधरा किलोमीटर रुंदीची, अर्ध्या मिलिमीटरची चकती. ती कडेनं दिसत नाही यात पोरांनी रुसण्यासारखं काही नाही. जे दिसलं तेच नवल. आणि तो उजेडही शिळा, शनीवरून निघून सव्वा तास झालेला. आम्ही नळी जोडत असताना तो वाटेत होता.

०.५५ मिलिमीटर हा आकडा ध्यानात ठेवा. तो पुन्हा येणार आहे.

रात्री दीडच्या सुमारास बांधावरून एक बॅटरी हलत हलत आली. सगळ्यांची छाती धडधडली. बिबट्या बॅटरी घेऊन फिरत नाही हे पटायला दोन सेकंद लागले. आला तो शेजारच्या रानातला शेतकरी. त्या आठवड्यात थ्री फेज लाईट रात्रीची होती, म्हणून गव्हाला पाणी द्यायला मोटार चालू करायला निघालेला. साठीचा असेल. म्हटलं, "या मामा, बघा." मृग डोक्यावर चढलेला, त्यातला तेजोमेघ लावलेला होता. त्याच्या आधी आम्ही कृत्तिका बघून घेतल्या होत्या. त्यांचा उजेड सुमारे ४४० वर्षांपूर्वी निघालेला, म्हणजे शिवनेरीवर १६३० साली महाराज जन्मले त्याच्याही चाळीसेक वर्षं आधी. मृगाच्या तेजोमेघाचा याहून जुना, साडेतेराशे वर्षांचा, चालुक्यांच्या अमदानीतला. मामांनी टोपी मागं सारून डोळा लावला, बराच वेळ काढला नाही. मग म्हणाले, "धुरळा उडाल्यावानी दिसतंय." यापेक्षा नेमकं वर्णन पुस्तकातही नाही. तो धूळ आणि वायूचाच ढग आहे.

मग त्यांनी त्यांचा प्रश्न काढला. "आमच्या पाव्हण्यांचं रान खोडदच्या अंगाला हाये. शेजारी ती डिश. रात्रंदिस आभाळाकडं तोंड करून असती. तिला काय मिळतं वो?"

हा प्रश्न पहिल्यापेक्षा शंभर पटीनं चांगला होता.

नारायणगावजवळच्या खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, जीएमआरटी. चौदा एका चौकात जवळजवळ, उरलेल्या सोळा तीन हातांवर कांद्या-टोमॅटोच्या रानांतून पसरलेल्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २५ किलोमीटर. एका तबकडीचं तोंड सुमारे १,५९० चौरस मीटर. मामांना चौरस मीटर सांगून उपयोग नव्हता. गुंठ्यात केलं. एक तबकडी पावणेसोळा गुंठे. तीस मिळून पावणेबारा एकर. "बागायत?" त्यांनी विचारलं. म्हटलं, आभाळाची.

ही बागायत ज्यांनी उभी केली ते गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांनी सुरुवात फार लहान तुकड्यावर केली होती. १९६५ साली कल्याणला त्यांनी ऑस्ट्रेलियातून आलेल्या ३२ छोट्या तबकड्या मांडल्या, प्रत्येकी सहा फुटी. सगळ्यांचं क्षेत्र मिळून ८४ चौरस मीटर. एक गुंठाही भरत नाही. तिथून तीसेक वर्षांत पावणेबारा एकर. एवढ्या मोठ्या तबकड्या पत्र्यानं मढवल्या असत्या तर वजनानं आणि वाऱ्यानं जीव घेतला असता. म्हणून पोलादी तारेच्या दोरांवर ताणून जाळी बसवली, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशी, एक ते दोन सेंटिमीटरच्या चौकटींची. वारा आरपार जातो. एकवीस सेंटिमीटर किंवा त्याहून लांब रेडिओलहरीला मात्र ती भोकं जाणवतच नाहीत, तिला तो सलग आरसा वाटतो. त्या जाळीच्या स्टेनलेस तारेची जाडी ०.५५ मिलिमीटर. शनीची कडी जुन्नर-नारायणगावएवढी केली तर त्यांची जाडी खोडदच्या तारेएवढी. असा योगायोग मुद्दाम जुळवायला गेलो असतो तर जमला नसता.

आता एक मौज. एवढी पावणेबारा एकरांची २५ किलोमीटर पसरलेली दुर्बीण, तिची नजर तरी किती तीक्ष्ण? २१ सेंटिमीटरच्या लहरींवर साधारण दोन विकला (विकला हे कोनाचं बारीक माप, आकडा जितका लहान तितकी नजर तीक्ष्ण). आणि आमची सहा इंची नळी? कागदावरच्या हिशोबानं पाऊण विकला. म्हणजे सुतळीनं पाण्याचा कॅन बांधलेली आमची नळी, निदान हवा स्थिर असेल तेव्हा, खोडदपेक्षा बारीक बघते! कारण दिसणाऱ्या उजेडाची लहर रेडिओलहरीपेक्षा पावणेचार लाख पट आखूड. लहर जितकी लांब तितकं तोंड रुंद लागतं. खोडदची एकटी तबकडी तर बिचारी आपल्या नुसत्या डोळ्यापेक्षाही आंधळी, चंद्राच्या निम्म्याहून मोठा भाग तिला एकच ठिपका वाटतो. म्हणून तीस जणींनी मिळून बघायचं, आणि २५ किलोमीटरचा डोळा झाल्याचं सोंग आणायचं. सोंग म्हणतो खरा, पण हिशोब चोख आहे.

राहिला मामांचा प्रश्न. तिला काय मिळतं? याचं उत्तर देताना माझी स्वतःचीच दर वेळी गाळण उडते. रेडिओ आकाशाचं माप आहे जान्स्की. आकाशगंगेचा रेडिओ आवाज ज्यानं पहिल्यांदा ऐकला आणि १९३३ साली प्रसिद्ध केला, त्या कार्ल जान्स्कीच्या नावावरून. एक जान्स्की म्हणजे एका चौरस मीटरवर, दर हर्ट्झला, इतके इतके वॅट: दशांशचिन्ह, मग २५ शून्यं, मग एक. नाणेघाटाच्या कारकुनाला वर चढताना खुणा कमी पडल्या असत्या, इथं खाली उतरताना पडतात.

एक जान्स्कीचा स्रोत म्हणजे चांगला ठसठशीत. समजा, खोडदच्या तिसाही तबकड्या त्याच्याकडं वळवल्या, ४०० मेगाहर्ट्झचा रुंद पट्टा उघडला, आणि पावणेबारा एकरांवर पडणारी सगळी ऊर्जा, एक कणही न सांडता, पाण्याच्या एका थेंबात ओतली. त्या थेंबाचं तापमान एक अंश सेल्सिअसनं वाढायला किती वेळ लागेल? सुमारे ३५,००० वर्षं. आणि खोडदच्या लोकांना ज्यात रस असतो ते स्रोत बहुधा याच्या हजारपट किंवा त्याहूनही मंद. मग साडेतीन कोटी वर्षं. एका थेंबाला. एका अंशाला.

म्हणजे पावणेबारा एकरांचा रांजण मांडून जकात गोळा होते ती ही. तेवढ्यावरच ती माणसं दीर्घिका मोजतात. ब्रह्मांड मोठं आहे हे ऐकून ऐकून आपण बधिर झालोय. मला त्याच्या मोठेपणाचं आता फारसं काही वाटत नाही. इथवर पोचतं ते इतकं थोडं, आणि तेवढ्यात भागतं, याचं वाटतं.

याच हिशोबानं खोडदला मोबाइलचं वावडं का, तेही समजतं. जुन्या टू-जी पद्धतीचा एक फोन चंद्रावर ठेवला आणि तो एक वॅटनं सतत बोलत राहिला, तर इथं त्याचं तेज अडीचशे जान्स्कीहून जास्त भरेल. तो फोन चंद्रावर नसून पाहुण्याच्या खिशात असला तर काय गोंधळ होईल, त्याचा अंदाज करावा. दर वर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनी तिथं शाळांची जत्रा भरते. पोरं तबकडीखाली उभी राहून वर बघतात, आणि मला वाटतं, या जाळीत वर्षभर पडलेल्या सगळ्या उजेडापेक्षा यांच्या एका टाळीत जास्त ऊर्जा आहे.

या कानाला काय काय ऐकू येतं त्याची दोनच उदाहरणं देतो. १९ ऑक्टोबर २०१६ ला युरोपचं स्कियापरेली यान मंगळावर उतरत होतं. त्याचा संदेश मंगळाभोवती फिरणाऱ्या यानासाठी होता, पृथ्वीसाठी नव्हताच. साडेसतरा कोटी किलोमीटरवरून ती कुजबुज खोडदनं ऐकली, आणि उतरायच्या जरा आधी ती थांबली तेही ऐकलं. यान आपटलं होतं.

दुसरं आमच्या नळीच्या भावकीतलं आहे. हायड्रोजनचा अणू २१ सेंटिमीटरची लहर सोडतो, पण एकट्या अणूवर नजर ठेवून बसलात तर सरासरी एक कोटी दहा लाख वर्षं वाट बघावी लागते. दीर्घिकेत अणूच इतके असतात की सगळे मिळून सारखी गुणगुण चालू राहते. फार लांबच्या दीर्घिकेची गुणगुण मात्र खोडदलाही ऐकू येत नाही. पण २०२३ च्या सुरुवातीला बातमी आली. अर्णब चक्रवर्ती आणि निरुपम रॉय यांनी खोडदवरून एका दीर्घिकेतल्या हायड्रोजनची लहर पकडली होती, ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेली. पृथ्वीचं वय साडेचारशे कोटी. लहर निघाली तेव्हा सूर्यसुद्धा व्हायचा होता. वाटेत विश्व फुगत गेलं, तशी २१ सेंटिमीटरची लहर ताणून ४८ ची झाली. आणि ती ऐकू कशी आली? मध्ये दुसरी एक दीर्घिका आडवी होती, तिच्या गुरुत्वाकर्षणानं वाट वाकवून ती लहर सुमारे तीस पट ठळक केली. म्हणजे भिंगच. यर्कीझला काच लवली म्हणून माणसानं भिंगाचा नाद सोडला, आणि तिकडं आभाळानं अख्ख्या दीर्घिकेचं भिंग करून ठेवलेलं. आमच्या नळीतून व्याध बघितला की त्याच्याभोवती जांभळी किनार येते, साध्या भिंगाला सगळे रंग एका जागी आणता येत नाहीत म्हणून. गुरुत्वाच्या भिंगाला किनार नाही. सगळ्या लहरी ते सारख्याच वाकवतं. मत्सर वाटतो.

हे सगळं मामांना सांगितलं असं नाही. त्यांना गुंठे आणि थेंब एवढंच सांगितलं. थेंबाचं ऐकून ते जरा थांबले. "म्हंजी पस्तीस हजार वर्षं दारं धरायची, अन् वाफा काय भिजायचा नाही," म्हणाले, आणि लाईट जायच्या आत मोटार गाठायला निघून गेले. थोड्या वेळानं लांबून पंपाचा आवाज सुरू झाला.

पहाटे साडेपाचला दव इतकं पडलं की भिंगापुढचं टोपडंही कामाला येईना. नळी उतरवली. मोजून घेतलेल्या पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या रात्रीतच संपल्या होत्या, म्हणून तोलाचा कॅन सोडला आणि त्याचंच पाणी मोठ्या पातेल्यात ओतलं. पाच लिटर, ४२ माणसं, प्रत्येकी एक कप. पातेलं चढवल्यावर ज्या पोराला शनीला टोचलेली काडी दिसली होती त्यानं विचारलं, "आणि हा चहा खोडदच्या उजेडावर केला असता तर?" वहीवर हिशोब केला. एक जान्स्की, पावणेबारा एकर, पाच लिटर, उकळीपर्यंत पंच्याहत्तर अंश. उत्तर आलं सुमारे २६,००० कोटी वर्षं, विश्वाच्या आजवरच्या वयाच्या एकोणीस पट.

गॅसवर वीस मिनिटं लागली. साखर कुणीतरी दोनदा घातली होती.